एका नकाशावरचे तीन विषय

इंग्लंडच्या शाळांत 11 ते 14 वयोगटातील मुले इतिहास, भूगोल आणि धर्मांचा अभ्यास हे तिन्ही विषय शिकतात. पहिले दोन राष्ट्रीय अभ्यासक्रमात आहेत. तिसरा सक्तीचा असूनही त्या अभ्यासक्रमाबाहेर आहे. अनेक सरकारी शाळांसाठी त्याचा आराखडा स्थानिक पातळीवर ठरतो आणि पालकांना आपल्या मुलाला त्या तासातून वगळण्याचा हक्क असतो. ख्रिस्ती परंपरेला मुख्य स्थान देतानाच देशातील इतर प्रमुख धर्मांचीही दखल घेण्याचे बंधन 1988 च्या कायद्याने घातले.

हे विषय एकमेकांशी जोडून शिकवले, तरच त्यांचा खरा लाभ होतो. 1947 च्या फाळणीचेच उदाहरण घ्या. भारत-पाकिस्तान सीमा ठरवणारी रॅडक्लिफ रेषा हा इतिहास, रावीचे खोरे आणि कालवे हा भूगोल; पण गुरू नानकांचे अखेरचे वास्तव्य असलेले करतारपूर सीमेपलीकडे अवघ्या काही किलोमीटरवर राहिले, याचे दुःख शीख धर्म समजल्याशिवाय कळत नाही. ब्रिटनमधील अनेक पंजाबी कुटुंबांच्या आठवणी याच नकाशाशी जोडलेल्या आहेत.

तरीही इतिहासाच्या अभ्यासक्रमात नाव घेऊन सक्तीचा केलेला प्रसंग ज्यूंच्या वंशसंहाराचा. मुघलकालीन भारत आणि भारताचे स्वातंत्र्य ही केवळ सुचवलेली उदाहरणे आहेत. ती घ्यायची की नाही, हे शाळा ठरवते. त्यातच धर्माचा तास अनेकदा दुसऱ्याच विषयाच्या शिक्षकाकडे सोपवला जातो. ही उणीव आधी दूर व्हायला हवी.