सात वाजता भोंगा कोण वाजवणार?

गेल्या पावसाळ्यात निडीजवळच्या एका वस्तीत आम्ही मुलांच्या वजन-उंचीच्या तपासणीला गेलो होतो. साडेतीन वर्षांचा एक मुलगा आईच्या कडेवर होता. आई कौतुकाने म्हणाली, "ताई, याला ए टू झेड सगळं येतं. रंगांची नावंपण इंग्लिशमध्ये सांगतो." मुलाने खरोखरच रेड, ब्ल्यू, यलो म्हणून दाखवले. मग आम्ही त्याला नावाने हाक मारली. त्याने वळून पाहिले नाही. थोड्या वेळाने त्याला तहान लागली, तेव्हा आईचा हात ओढत तो तिला हंड्याकडे घेऊन गेला. 'पाणी' हा शब्द काही त्याच्या तोंडून आला नाही.

वीस वर्षांपूर्वी आम्ही वॉर्डात परिचारिका म्हणून काम करत होतो, तेव्हाही उशिरा बोलणारी मुले यायची. पण इंग्रजी गाणे पाठ आणि आईला हाक मारता येत नाही, अशी मुले तेव्हा पाहिल्याचे आम्हाला आठवत नाही. आता रोहा आणि पेण तालुक्यांतल्या वस्त्यांत ती भेटतात. म्हणून या वेळी आरोग्याच्या पानावर ताप-खोकल्याऐवजी मोबाईल आणि टीव्हीविषयी लिहीत आहोत.

मूल भाषा ऐकून शिकते हे अर्धेच खरे आहे. ते भाषा माणसाकडून शिकते. 2003 साली अमेरिकेतल्या सिएटल शहरात पॅट्रिशिया कूल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नऊ महिन्यांच्या बाळांवर एक प्रयोग केला. इंग्रजी बोलणाऱ्या घरांतली ही बाळे. काहींशी चिनी भाषा बोलणारी माणसे समोर बसून खेळली, पुस्तके वाचली. काहींना त्याच माणसांचे तेच बोलणे टीव्हीवर दाखवले. समोर माणूस असलेल्या बाळांना चिनी भाषेतले नवे ध्वनी ओळखता येऊ लागले. टीव्ही पाहिलेली बाळे काहीच शिकली नाहीत. बाळ 'ब्बा' म्हणते, आपण 'बाबा? बाबा कुठंय?' म्हणतो, ते हसते, पुन्हा म्हणते. ही देवाणघेवाण म्हणजेच शिकणे. मोबाईल बोलतो, पण बाळ काय म्हणाले ते ऐकत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेने 2019 मध्ये स्पष्ट सांगितले आहे, एक वर्षाच्या आत आणि पुढचे वर्षभरही मुलाला पडद्यासमोर बसवू नये. दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाला जास्तीत जास्त एक तास, कमी असेल तेवढे बरे. आपल्या बालरोगतज्ज्ञांची संघटनाही दोन वर्षांपर्यंत पडदा नको असेच सांगते.

इथे एक सावधगिरीची सूचना. मूल बोलत नाही म्हणजे मोबाईलचाच दोष, असे ठरवून बसू नका. कानाने कमी ऐकू येत असेल, स्वमग्नता असेल, आणखी काही असेल. स्वमग्नता मोबाईलमुळे होते असे मानून आईला बोल लावणे तर फारच चूक. आधी तपासणी करा. 2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा मुले तपासतात. विकासात मागे पडलेली मुले शोधणे हेही त्यांचेच काम. पथक येईल त्या दिवशी मुलाला अंगणवाडीत हजर ठेवा आणि जे खटकते ते न लाजता सांगा. सेवा मोफत आहे, ती आपला हक्क आहे.

आता दुसरी गोष्ट, आमच्या मते अधिक गंभीर. मूल पडद्यावरून नुसते शब्द शिकत नाही; कोण मोठा, कोण छोटा, कोण सुंदर, कोण हसण्यासारखा, हेही शिकते. 1961 साली स्टॅनफर्ड विद्यापीठात अल्बर्ट बंडुरा यांनी तीन ते सहा वर्षांच्या मुलांसमोर एका मोठ्या माणसाला फुगीर बाहुलीला बदडायला लावले. नंतर मुलांना त्या बाहुलीजवळ सोडले, तर मुलांनीही तिला तसेच बदडले, तेच शब्द वापरून. पुढे त्यांनी तेच दृश्य चित्रफितीवर दाखवून पाहिले, तरीही मुलांनी नक्कल केली. आपल्याकडे शक्तिमान सुरू होता तेव्हा गोल गोल फिरून पडलेली पोरे अनेकांना आठवत असतील.

मारामारीची नक्कल निदान डोळ्यांना दिसते. रंगाची, जातीची, बाईपणाची शिकवण दिसत नाही. छोट्या भीमचा दांडगट प्रतिस्पर्धी कोण, तर कालिया. नाव साधे वाटते, पण वस्तीतल्या सावळ्या मुलाला त्याच नावाने चिडवताना आम्ही ऐकले आहे. 'फेअर अँड लव्हली' 1975 पासून घराघरांत गोरेपण विकत होती. नावातला 'फेअर' जायला 2020 साल उजाडले. दहा वर्षांची मुलगी आम्हाला विचारते, "ताई, गोरं व्हायला कुठली गोळी असते का?" तेव्हा तिला हा प्रश्न कोणी शिकवला? आईने नाही, शाळेनेही नाही. मालिकांत वाडा कोणाचा असतो आणि भांडी घासणारी बाई कशी बोलते, हे मूल रोज रात्री पाहते. त्यातून 'आपल्यासारखी माणसे' पडद्याच्या कोणत्या कोपऱ्यात उभी असतात, ते त्याला कळते.

हे बाबासाहेबांइतके कोणाला कळले होते? 31 जानेवारी 1920 रोजी त्यांनी 'मूकनायक' काढले, कारण इतरांच्या पत्रांत आपल्या माणसांचा आवाज नव्हता. पैसे देऊ केले तरी 'केसरी'ने त्या पत्राची जाहिरात छापली नव्हती. म्हणून माध्यम वाईटच, असे आम्ही म्हणणार नाही. 2019 मध्ये बाबासाहेबांच्या जीवनावरची मालिका स्टार प्रवाहवर सुरू झाली, तेव्हा वस्तीतली पोरे अंगणात भिवाचा अभ्यास करण्याचा खेळ खेळायची. पडदा तोच. प्रश्न त्यावर काय आहे, किती वेळ आहे आणि मुलाशेजारी कोण बसले आहे, हा आहे.

जेवणाचेही तसेच. मोबाईल बघत भरवलेल्या मुलाला पोट भरल्याचे कळत नाही, भूकही कळत नाही. तांदळाची भाकरी आणि जवळा नको, जाहिरातीतले पाकीट हवे. एप्रिल 2024 मध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्रेत्यांना कळवले की बोर्नव्हिटासारखी पेये 'हेल्थ ड्रिंक' या सदरातून काढा, कारण अन्नसुरक्षा कायद्यात 'हेल्थ ड्रिंक' असे काही नाहीच. तोवर कित्येक आयांनी मजुरीच्या पैशांतून त्या बाटल्या आणल्या होत्या, मुलाच्या 'ताकदी'साठी.

यावर सगळे बोट आईकडे दाखवतात. आम्हाला ते मान्य नाही. धाटावच्या कंपनीत पाळी करून, मिनिडोरमधून उतरून ती घरी येते, तेव्हा चूल, पाणी, धुणे सगळे तिचीच वाट बघत असते. पाळणाघर नाही, एकत्र कुटुंब मोडले. मोबाईल हा तिला परवडणारा एकमेव सांभाळणारा आहे. तिच्या हातून तो काढून घ्यायचा, तर तिच्या हाताशी माणूस द्यायला हवा. तिच्याच घरात नवरा आणि सासरे आपापल्या मोबाईलमध्ये मान घालून बसलेले असतात, त्यांना कोणी काही विचारत नाही.

3 जून 2020 चे निसर्ग वादळ आठवा. श्रीवर्धनच्या किनाऱ्यावर आले आणि आपल्या जिल्ह्याची वीज घेऊन गेले. कितीतरी गावे दिवसेंदिवस अंधारात होती. टीव्ही बंद, मोबाईलची बॅटरी संपलेली. पहिले दोन-तीन दिवस मुलांनी रडून घर डोक्यावर घेतले. नंतर ती उडालेले पत्रे आणि कौले गोळा करणाऱ्या मोठ्यांच्या मागे फिरू लागली, अंगणात लगोरी मांडली, रात्री आजीजवळ गोष्टींसाठी हट्ट धरला. ते दिवस पुन्हा नकोत. औषधांचे, पाण्याचे हाल आम्ही पाहिले आहेत. पण एक गोष्ट दिसली. मुले खेळायला विसरली नव्हती. मोठी माणसे त्यांच्यासाठी मोकळी झाली, एवढाच फरक होता.

तोच फरक सांगली जिल्ह्यातल्या मोहित्यांचे वडगाव या गावाने ठरवून घडवला. ऑगस्ट 2022 पासून तिथे संध्याकाळी सातला देवळावरचा भोंगा वाजतो आणि दीड तास गावातले टीव्ही, मोबाईल बंद होतात. मुले अभ्यासाला बसतात. आम्हाला त्यातली एक गोष्ट फार मोलाची वाटते: बंद सगळ्यांचे होते. बापाने बातम्या लावायच्या आणि पोराला पुस्तक काढ म्हणायचे, असे चालत नाही.

आपल्या वस्तीत भोंगा विहारावर लावता येईल. पण नुसता भोंगा पुरणार नाही. त्या दीड तासात मुलांजवळ कोण बसेल, हे आधी ठरवावे लागेल. बारावी झालेल्या दोन मुली, निवृत्त झालेले एक गुरुजी, गोष्टी येणारी एक आजी, एवढी माणसे प्रत्येक वस्तीत असतात. आठवड्यातून एकदा मुलांसोबत बसून एखादी मालिका किंवा जाहिरात मुद्दाम पाहा आणि विचारा: यात काम कोण करतो? हुकूम कोण सोडतो? आपल्यासारखे कोणी दिसते का? प्रश्न विचारायला शिकलेले मूल पडद्याला भुलत नाही.

शासनालाही सोडून चालणार नाही. मराठी मुलांसाठी कार्यक्रम करणारी पुण्याची बालचित्रवाणी 1984 मध्ये सुरू झाली आणि 2017 मध्ये बंद पडली. कोविडच्या काळात, जुलै 2020 मध्ये, सह्याद्री वाहिनीवर पहिली ते आठवीसाठी 'टिलीमिली' दाखवली गेली. घर-परिसरातल्या वस्तूंतून शिकवणारी, पालकांनाही सोबत घेणारी. ज्या घरात स्मार्टफोन नव्हता तिथेही ती पोहोचली. म्हणजे करायचे ठरवले तर होते. असे कार्यक्रम कायमचे हवेत, संकटापुरते नकोत. आणि कामावर जाणाऱ्या आयांसाठी पाळणाघरे हवीत. ग्रामसभेत ही मागणी लेखी द्या, ठराव करून घ्या.

सुरुवातीला सांगितलेल्या त्या मुलाचे कान तपासले, ते ठीक आहेत. बोलण्याच्या उपचारासाठी आई त्याला अलिबागला नेते. पेणपर्यंत गाडी, पुढे एसटी. प्रत्येक खेपेला तिचा एक दिवसाचा पगार बुडतो. घरचा मोबाईल आता दिवसा कपाटावर असतो आणि आजी दुपारभर त्याच्याशी बोलते. तो अकरा शब्द बोलतो, आजीने मोजले आहेत. वयाच्या मानाने ते फार कमी आहेत. पण त्यातला एक 'पाणी' आहे.