सरफोजीराजांचे कागद आणि आपली धाप

तंजावरच्या दुसऱ्या सरफोजीराजांचा जन्म २४ सप्टेंबर १७७७चा. लगेच दुसऱ्या दिवशी, २५ तारखेला, जागतिक फुप्फुस दिन येतो. तारखा योगायोगाने शेजारी आल्या, पण राजांची एक सवय छातीच्या रुग्णांना आजही उपयोगी आहे. धन्वंतरी महाल या आपल्या वैद्यकशाळेत ते निरनिराळ्या वैद्यकपद्धतींची औषधे पारखून घेत आणि डोळ्यांच्या रुग्णांची हकिगत चित्रांसह लिहवून ठेवत. ते कागद तंजावरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाने जपले आहेत.

हकिगत नीट विचारली नाही तर हुकणारा आजारांचा एक गट आहे: इंटरस्टिशियल लंग डिसीज, म्हणजे आयएलडी. दोनशेहून अधिक आजार त्यात मोडतात. वायुकोशांभोवतीचे नाजूक अस्तर सुजते, पुढे व्रण धरून जाड आणि ताठ होते. प्राणवायू रक्तात उतरेनासा होतो. कोरडा खोकला हटत नाही. आधी जिना चढताना, मग अंघोळ करतानाही धाप लागते. पाठीला स्टेथोस्कोप लावला, तर बुटाचा वेलक्रो उघडावा तसा आवाज येतो. घरचे म्हणतात, वय झालं. कित्येकदा क्षयाचीच औषधे सुरू होतात आणि मोलाचे महिने हातचे जातात.

भारतातील १९ शहरांतल्या आयएलडीच्या १,०८४ रुग्णांची नोंद २०१७ साली प्रसिद्ध झाली. त्यांतल्या जवळजवळ निम्म्यांना ‘हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस’ होता. श्वासावाटे गेलेल्या बुरशीशी, पिसांशी शरीराने धरलेले हे वैर. आणि त्यांतही निम्म्यांच्या आसपास रुग्णांचा संबंध एअर कूलरशी होता! कबुतरांची विष्ठा आणि भिजून बुरसटलेला पेंढा हीदेखील कारणेच. तंजावरसारख्या कावेरीकाठच्या भाताच्या मुलखाने पेंढ्याचे विशेष ध्यानात ठेवावे.

कारण सापडले, तर ते दूर करणे हा पहिला उपचार. सुजेवर स्टेरॉइड आणि प्रतिकारशक्ती आवरणारी औषधे देतात. आयपीएफ या कारण न सापडणाऱ्या प्रकारात मात्र तीच औषधे कायम दिल्यास अपाय होतो. तिथे पिरफेनिडोन किंवा निन्टेडानिब लागते. तीही घसरण मंद करतात, पडलेला व्रण पुसत नाहीत. म्हणून एचआरसीटी, म्हणजे छातीचा बारकाईचा सीटी स्कॅन, आणि फुप्फुसाच्या क्षमतेची तपासणी लवकर व्हायला हवी.

दवाखान्यात जाताना एक कागद सोबत न्या. घरात कूलर आहे का, खिडकीत कबुतरे बसतात का, आजवर कोणकोणती कामे केली, कोणती औषधे घेतली, सांधे दुखतात का, सगळे त्यावर लिहा. डॉक्टरांनी विचारले नाही, तरी तो त्यांच्यापुढे ठेवा.