फ्रिजमधली फुलपाखरं

फुलावरच्या कीटकाचा फार लख्ख फोटो दिसला की हल्ली मला आधी शंका येते: हा तिथे स्वतःहून बसला, की कुणी आणून ठेवला? होय, असं करतात. डबीत घालून फ्रिजमध्ये गारठवायचा, हलेनासा झाला की फुलावर मांडायचा. वर प्रोफाइलमध्ये ‘निसर्गप्रेमी’!

म्हणे, नाइलाज असतो. अडचण खरी आहे. १:१ मॅक्रोत एफ/११ ठेवलं तरी जेमतेम दीड मिलिमीटर फोकसमध्ये राहतं. वाऱ्याची झुळूक आली की डोळा गेलाच. पण कीटक पहाटे आपसूकच गारठलेले असतात. सप्टेंबरात तेरड्यावर दवाने भिजलेला चतुर अंगावर ऊन येईपर्यंत हलत नाही. कॅमेरा पंखांना समांतर धरा, श्वास रोखा. मोबाइलला क्लिपची लेन्स लावूनही जमतं. फक्त अंथरूण सोडावं लागतं, आणि दुखणं तिथेच आहे.

मधमाशी सेकंदाला २००हून जास्त वेळा पंख हलवते. ते धूसर आले तर येऊ देत की, ती उडतेय!

फोटोखाली लेन्स, शटर, आयएसओ सगळं लिहिता ना? मग ‘फ्रिजमध्ये वीस मिनिटं’ हेही लिहा.