मुलगा सुतारकाम करतो म्हणतो!

मैत्रिणींनो, एका भगिनीचे पत्र समोर आहे. मुलगा इंजिनिअर, चार वर्षे चांगली नोकरी केली, आणि आता ती सोडून सुताराच्या हाताखाली रंधा मारायला जातो. "एवढं शिकवलं ते वाया गेलं का हो? लोकांना काय सांगू?" असे त्या विचारतात.

लोकांचे राहू द्या. मला आठवला जॉर्ज नाकाशिमा. जपानी आईबापांच्या पोटी १९०५ साली अमेरिकेत जन्मलेला. आधी वनशास्त्र धरले, ते सोडून वास्तुशास्त्र. मग पॅरिस, मग टोकियोत अंतोनिन रेमंड या वास्तुशिल्पीकडे नोकरी, आणि तिथून चक्क आपल्या पाँडिचेरीला! अरविंदाश्रमाची 'गोलकोंड' ही इमारत उभी राहत होती, तिची देखरेख त्याच्याकडे. तिथे तो आश्रमाचाच होऊन गेला. त्याच्या आईच्या जिवाला काय वाटले असेल, सांगा!

अमेरिकेत परतून तो फर्निचर करू लागला, पण गुरू भेटला तो नको त्या जागी. १९४२ मध्ये युद्धापायी तिथल्या सरकारने जपानी वंशाच्या लोकांना छावण्यांत डांबले. जॉर्ज, बायको मॅरियन आणि तान्ही मीरा आयडाहोच्या ओसाड माळावर येऊन पडली. तिथे गेंतारो हिकोगावा हा जुन्या वळणाचा जपानी सुतार होता. पस्तिशी उलटलेला हा पदवीधर त्याच्या हाताखाली उमेदवारी करू लागला. लाकूड कसले, तर टाकाऊ फळ्या! पुढच्या वर्षी रेमंडने सोडवले, तर त्याच्या पेनसिल्व्हेनियातल्या शेतावर कोंबड्या सांभाळणे आले.

मग मात्र तिथेच जम बसला. फळीला चीर गेली म्हणून तो ती टाकत नसे. चिरेवर आडवा, फुलपाखराच्या आकाराचा लाकडी तुकडा बसवी. चीर वाढत नाही, आणि दिसतेही देखणी. राहते घर नि कारखानाही त्यानेच आखले, म्हणजे वास्तुशास्त्र काही वाया गेले नाही. व्यवहाराची बाजू मॅरियनने सांभाळली (हे सांगायला पुरुषमंडळी हमखास विसरतात). १९९० मध्ये तो गेल्यावर काम मीराने पुढे चालवले.

तेव्हा ताई, रडू नका. मुलाला एवढेच विचारा, उस्ताद कोण, आणि हात बसेपर्यंत शिल्लक किती महिने पुरेल? वहीत मांडून दाखव म्हणावे. आणि दिवाळीच्या आत त्याच्याकडून एक पाट करून घ्या. बसल्यावर डुगडुगला, तर तसे स्पष्ट सांगा.