फी भरायला पैसे नाहीत? लाजू नका, अर्ज करा. पण वेळेत!



मागच्या बॅचमध्ये एक फॅब्रिकेशनवाले दादा भेटले. शेडसाठी मोकळी जागा घ्यायची म्हणून मोठा विसार दिला, व्यवहार मोडला, विसार परत मिळावा म्हणून लावलेला दावा फेटाळला गेला. वकील म्हणाले, "अपिलात दम आहे, पण हायकोर्टात पुन्हा कोर्ट फी लागेल." दादा कधी पाहुण्यांकडे, कधी पतसंस्थेत फेऱ्या मारत राहिले. ऐंशीव्या दिवशी कुणीतरी सांगितलं, "अहो, फीच्या सवलतीचा अर्ज करता येतो." तोवर त्या अर्जाची मुदत संपली होती.

मी विचारलं, "आधीच वकिलांना का नाही विचारलंत?" म्हणाले, "सर, धंदेवाल्या माणसाने कोर्टात मी निर्धन आहे म्हणायचं?"

इथेच आपलं चुकतं. महाराष्ट्रात कोर्ट फी दाव्याच्या रकमेवर ठरते आणि ती १० लाखांपर्यंत जाऊ शकते. म्हणूनच दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ४४ मध्ये निर्धन व्यक्ती म्हणून अपील करायची सोय आहे. माझ्या मते ही भीक नाहीच, ही सरकारी उधारी आहे. जिंकलात तर तुम्हाला मिळणाऱ्या मालमत्तेतून किंवा रकमेतून सरकार आपली फी आधी वसूल करतं. हरलात तर ती भरायचा आदेश तुम्हाला होतो. दुकानात उधारीचं खातं चालवणाऱ्याने यात लाजायचं काय?

निर्धन म्हणजे रस्त्यावर आलेला, असंही नाही. फी भरण्याइतकी ऐपत आहे का, एवढंच कोर्ट बघतं. ते बघताना वादातली मालमत्ता आणि जप्तीतून सूट असलेल्या वस्तू, उदाहरणार्थ कारागिराची अवजारं, धरत नाहीत. कंपनीसुद्धा ही सवलत मागू शकते, असं सुप्रीम कोर्टाने २००१ मध्ये सांगितलंय. मात्र बँकेत एफडी आहे, नावावर गाळा आहे आणि तरी हात वर केलेत, तर अर्ज टिकणं अवघड. सगळ्या मालमत्तेची यादी किमतीसह द्यावी लागते. सरकारी वकील ती तपासतात, समोरची पार्टीही हरकत घेते. अर्जाच्या आधीच्या दोन महिन्यांत फसवणुकीच्या हेतूने मालमत्ता दुसऱ्याच्या नावावर केली असेल, तर अर्ज फेटाळला जातो.

आता मला न पटणारी गोष्ट. दिवाणी कोर्टाच्या हुकूमनाम्यावर हायकोर्टात साध्या अपिलाला ९० दिवस मिळतात, पण निर्धन म्हणून परवानगी मागायला ६० दिवसच. ज्याच्याकडे पैसा आहे त्याला जास्त वेळ, ज्याच्याकडे नाही त्याला कमी! खरं तर उलट हवं. कागद गोळा करायला वेळ गरिबालाच लागतो. उशीर माफ करा असा अर्ज करता येतो, पण तो मान्य करणं कोर्टाच्या हातात. जिल्हा न्यायालयात दोन्हीला ३० दिवस. कायदा बदलेल तेव्हा बदलेल, तोवर कॅलेंडर आपल्यालाच सांभाळायचंय.

आणखी एक. फीची सवलत मिळाली म्हणजे वसुली थांबली, असं नाही. पैसे भरायचा हुकूमनामा तुमच्यावर असेल तर स्थगिती वेगळी मागावी लागते, आणि त्यासाठी कोर्ट रक्कम किंवा तारण भरायला सांगतं. त्याची तयारी नसेल तर अपील एकीकडे आणि जप्ती दारात.

म्हणून निकाल लागला की त्याच आठवड्यात वकिलांना तीन प्रश्न विचारा: फी किती, मुदत कधीपर्यंत, आणि मी आदेश ४४ मध्ये बसतो का? बसत असाल तर अपिलाचा मसुदा जोडून लगेच अर्ज करा. नाकारला गेला तरी फी भरायला कोर्ट वेळ देऊ शकतं. सावकाराच्या दारात जायच्या आधी कोर्टाच्या दारात जा.

भेटू पुढच्या व्हिडिओत!