दारूविरुद्ध ठराव, मद्यपीकडे पाठ

दारूच्या प्रश्नावर पुरोगामी चळवळीची भूमिका वर्षानुवर्षे ठरून गेलेली आहे. राज्यघटनेच्या ४७व्या अनुच्छेदाने दारूबंदीसाठी प्रयत्न करण्याचे कर्तव्य शासनावर सोपविले आणि त्याच शासनाने दारूवरील कर हा तिजोरीचा आधार करून ठेवला. २०१७ साली वस्तू व सेवा कर आला, तेव्हाही पिण्याची दारू त्यातून वगळण्यात आली. हे उत्पन्न हातचे घालविण्यास राज्य सरकारे तयार नव्हती. या ढोंगावर कोरडे ओढणे रास्तच आहे. परंतु दुकान बंद करा अशी घोषणा देऊन मोर्चा परत फिरतो, तेव्हा त्याच वस्तीत थरथरत्या हातांनी बसून राहिलेल्या माणसाचे काय करावयाचे, या प्रश्नाला चळवळीपाशी उत्तर नसते.

हा माणूस काही अपवाद नव्हे. दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेने केंद्र सरकारसाठी केलेली पाहणी २०१९ साली प्रसिद्ध झाली. तिच्यानुसार देशात दारूच्या पूर्ण आहारी गेलेल्यांची संख्या सुमारे २ कोटी ९० लाख आहे आणि अशा ३८ जणांपैकी अवघ्या एकाला कोणता ना कोणता उपचार मिळाला. उरलेल्यांच्या वाट्याला येतात त्या शिव्या, बुवाचा अंगारा, नाही तर जेवणात गुपचूप कालविलेले धोक्याचे औषध. कार्यकर्ताच पिऊ लागला तर समितीतून त्याचे नाव हळूच गळते आणि त्याच्या घरी कोणी जात नाही.

मद्यपींनी मात्र स्वतःसाठी एक मार्ग काढलेला आहे. १९३५ साली अमेरिकेतील अॅक्रन शहरात बिल विल्सन हा शेअर बाजारातील गृहस्थ आणि डॉ. बॉब स्मिथ हा शल्यचिकित्सक, असे दोन मद्यपी एकमेकांना सावरू लागले. त्यातून ‘अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस’ उभी राहिली. दारू सोडण्याची इच्छा एवढीच येथे सभासदत्वाची अट. फी नाही, बाहेरची देणगी घ्यावयाची नाही, पदाधिकारी केवळ सेवक आणि कोणाचे नाव बाहेर सांगावयाचे नाही. सभेत एक जण आपली हकीगत सांगतो, इतर मध्ये न बोलता ऐकतात. संकल्प करावयाचा तो फक्त आजच्या दिवसापुरता. १९८६ साली पुण्यात डॉ. अनिता अवचट व अनिल अवचट यांनी सुरू केलेल्या मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रानेही व्यसनातून बाहेर आलेल्यांनाच नव्या रुग्णांच्या मदतीस उभे केले.

यावर दोन आक्षेप हटकून घेतले जातात. पहिला असा की, तेथे ईश्वराचे नाव घेतात. घेतात, हे खरे. परंतु ईश्वर म्हणजे काय, हे ज्याने त्याने ठरवावयाचे असते आणि प्रार्थनेच्या वेळी गप्प राहणाऱ्याला कोणी बाहेर काढीत नाही. पंढरीची वारी करणारा सभासद ज्या चळवळीला चालतो, तिने येथेच एवढे सोवळे का पाळावे? दुसरा आक्षेप असा की, व्यसन ही व्यवस्थेची निर्मिती, तेव्हा आधी व्यवस्था बदला. पण व्यवस्था बदलेपर्यंत माणसाचे यकृत थांबत नाही आणि त्याच्या मुलांची शाळाही थांबत नाही. कॉक्रेन या संस्थेने २०२० साली २७ अभ्यासांचा, म्हणजे १० हजारांवर व्यक्तींच्या अनुभवाचा, आढावा घेतला. रुग्णाला या सभांशी पद्धतशीरपणे जोडून देणारे उपचार त्यात दारूपासून सलग दूर राहण्याच्या कसोटीवर इतर मानसोपचारांपेक्षा सरस ठरले.

येथे ‘जोडून देणे’ हा शब्द महत्त्वाचा आहे. सभा बहुधा संध्याकाळी, एखाद्या शाळेच्या वा चर्चच्या खोलीत भरते. पाळीवरच्या कामगाराला ती वेळ साधत नाही. चर्च पाहून धर्मांतराची शंका येते. स्त्रीला तर पुरुषांनी भरलेल्या खोलीत पाऊल टाकणे अशक्यप्राय वाटते. अशा वेळी नुसता पत्ता लिहून दिल्याने कोणीही तेथे पोहोचत नाही.

म्हणून कार्यकर्त्यांनी तीन गोष्टी कराव्यात. आपल्या भागातील सभांचे वार, वेळ व भाषा शाखेत नोंदवून ठेवाव्यात आणि पहिल्या दिवशी त्या माणसाबरोबर दारापर्यंत चालत जावे. दीर्घकाळ भरपूर पिणाऱ्याने एकाएकी दारू सोडली तर झटके येऊन जीव जाऊ शकतो. त्याला आधी सरकारी रुग्णालयात न्यावे आणि तेथे खाट मिळत नसेल तर तिच्यासाठी भांडावे. तिसरी गोष्ट, आठवड्यातील एक संध्याकाळ शाखेची खोली अशा सभेसाठी मोकळी ठेवावी. स्वावलंबन हा त्या समूहाचा नियम असल्याने ते भाडे देऊ करतील. ते नाममात्र घ्यावे. तो समूह कोणत्याही पक्षाशी बांधला जात नाही. म्हणून त्या संध्याकाळी तेथे पत्रके वाटू नयेत, पावतीपुस्तक काढू नये, कोण आले याची वाच्यता करू नये.

स्वतःच्या नावाचा फलक न लावता कोणाच्या उपयोगी पडणे चळवळीला जड जाते. परंतु दारू दुकानाच्या परवान्याविरुद्ध लढणाऱ्यांनी त्या दुकानाने मोडलेल्या माणसाला वाऱ्यावर सोडले, तर त्यांच्या ठरावावर वस्तीने विश्वास का ठेवावा?