सोपे आणि साधे

गेल्या महिन्यात पारशिवनीला एका निवृत्त शिक्षकांकडे जाणे झाले. वय ८१. पावसाळ्यात घसरून पडल्यापासून मुलाने व सूनबाईंनी त्यांची खोली नव्याने लावून दिली आहे. न्हाणीघरात धरायला दांडा, रात्री मंद दिवा, औषधांसाठी वारांप्रमाणे कप्पे असलेला डबा. सारे योग्यच. मात्र त्याच वेळी ओसरीवरची त्यांची लाकडी खुर्ची अडगळ म्हणून माळ्यावर गेली आणि धानाच्या बांधांवरून पहाटे फिरणेही बंद झाले. खोलीचे कौतुक केले तेव्हा गुरुजी शांतपणे म्हणाले, "मुलांनी माझं जगणं सोपं केलं. साधं करायचं काम मात्र माझं होतं."

सोपे आणि साधे यांतील हा भेद ऐकला आणि हेन्री डेव्हिड थोरो आठवला. अमेरिकेतील कॉन्कॉर्ड गावचा हा निसर्गप्रेमी तत्त्वचिंतक ४ जुलै १८४५ रोजी वॉल्डन तळ्याकाठी स्वतः बांधलेल्या झोपडीत राहावयास गेला आणि तेथे दोन वर्षांहून अधिक काळ राहिला. पण तो बैरागी नव्हता. तो गावात जाई, त्याच्याकडे माणसे येत. झोपडीत मोजके सामान होते, तरी खुर्च्या तीन होत्या. काय ठेवावे आणि काय सोडावे, हे त्याने स्वतः ठरविले होते. त्याच काळात, १८४६ मध्ये, गुलामगिरीला थारा देणाऱ्या आणि मेक्सिकोशी युद्ध करणाऱ्या सरकारला कर देण्याचे नाकारून त्याने एक रात्र तुरुंगात काढली. ज्याच्या गरजा थोड्या, त्याला 'नाही' म्हणताना गमावण्याचे भयही थोडे. साधी राहणी आणि सदसद्विवेक यांचे नाते येथे आहे.

थोरोचे 'वॉल्डन' मराठीत आणले ते दुर्गाबाई भागवतांनी. 'ऋतुचक्र' लिहिणाऱ्या दुर्गाबाईंचा निसर्गाशी जिव्हाळा मराठी वाचकांस ठाऊक आहेच. १९७५ च्या कराड साहित्य संमेलनाच्या अध्यक्षपदावरून, ऐन आणीबाणीत, त्यांनी आजारी जयप्रकाश नारायण यांच्या आरोग्यासाठी प्रार्थना करण्याचे आवाहन केले. पुढे त्यांना कारावास घडला. त्या वेळी त्यांनी पासष्टी गाठली होती. शरीर थकते म्हणून विवेक निवृत्त होत नाही, हे सांगायला याहून वेगळे उदाहरण कशाला हवे?

घरातल्या ज्येष्ठांचा 'नाही' मात्र आपण चटकन हट्टाच्या खाती टाकतो. त्याची आधी चौकशी करावी. जेवण नको म्हणण्यामागे सैल झालेली कवळी, बद्धकोष्ठ किंवा उदासी असू शकते. तेथे डॉक्टरांचा सल्ला हवा. पण दुखणे नसेल आणि 'मला हे असे जगायचे नाही' एवढेच म्हणणे असेल, तर ते मत आहे. त्याला उपचार नको, उत्तर हवे. स्मृतिभ्रंशात मोठे निर्णय इतरांना घ्यावे लागतात. तरी आज कोणते धोतर, कोणते लुगडे, हे विचारता येतेच.

ज्येष्ठांनीही आपली बाजू मोकळेपणाने सांगावी. काय सोडायला तयार आहोत आणि काय सोडणार नाही, हे स्पष्ट बोलावे. सुरक्षिततेचा दांडा नाकारणे म्हणजे स्वाभिमान नव्हे.

गुरुजींच्या मुलाशी बोललो. "पुन्हा पडले तर?" एवढेच तो म्हणाला. त्याची भीती खोटी नव्हती. पण चालणे पुरते थांबले की स्नायू दुबळे होतात आणि पडण्याचा धोका उलट वाढतो. अखेर बापलेक डॉक्टरांकडे गेले. डोळे, उभे राहिल्यावरचा रक्तदाब, पायातल्या चपला, सारे पाहून झाले. आता गुरुजी उजाडल्यावर, हातात काठी घेऊन, नातवाच्या सोबतीने निघतात. निसरडा बांध त्यांनी स्वतःहून सोडला. सडकेच्या कडेने जातात.

खुर्ची ओसरीवर परत आली आहे. तिच्या शेजारी आता आणखी एक ठेवली आहे. संध्याकाळी तीवर मुलगा बसतो.